लिहून झालं, पण पाठवायचं कुठे? लेखकांना वाट दाखवणाऱ्या पुस्तकांविषयी



निबंध कसा लिहावा, कविता कशी वाचावी, कथेची सुरुवात कशी करावी यावर आपण वर्गात भरपूर बोलतो. लिहून झालेल्या मजकुराचं पुढे काय करायचं, हे मात्र आपण जवळजवळ कधीच सांगत नाही. मुलीने वहीत वीस कविता लिहिल्या, बाईंनी खाली 'छान' असा शेरा दिला, स्नेहसंमेलनात एक वाचून झाली, की विषय संपला.

ही रिकामी जागा मग दुसरंच कुणीतरी भरून काढतं. पालकांच्या मोबाइलवर संदेश येतो : 'अभिनंदन! आपल्या पाल्याच्या कवितेची राज्यस्तरीय प्रातिनिधिक काव्यसंग्रहासाठी निवड झाली आहे. सहभाग शुल्क भरून आपले स्थान निश्चित करावे.' सोबत सन्मानपत्र, ट्रॉफी, आयएसबीएन असलेलं पुस्तक, सगळं मिळणार असतं. आईवडिलांना अभिमान वाटतो, त्यात काही चूक नाही. पैसे भरले जातात. काही महिन्यांनी पुस्तक येतं. त्यात शे-दोनशे जणांच्या कविता बारीक टाइपात दाटीवाटीने बसवलेल्या असतात आणि ते पुस्तक विकत घेणारे म्हणजे तेच शे-दोनशे जण व त्यांचे नातेवाईक. यात कायद्याने कुणाची फसवणूक झाली असं म्हणता येत नाही. पण मुलीला वाटतं की आपण 'प्रकाशित' झालो. प्रत्यक्षात तिची कविता कुणी निवडलेली नसते, तिच्या आईबाबांचे पैसे मात्र निवडलेले असतात.

यावर उपाय म्हणून जगात एक साधी वस्तू शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात आहे, आणि ती वस्तू म्हणजे पुस्तकच. लेखकांसाठीची मार्गदर्शक निर्देशिका. आज तिची ओळख करून घेऊ.

दोन जाडजूड पुस्तकं

इंग्लंडमध्ये 'रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक' हे पुस्तक विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून निघतंय. ए. अँड सी. ब्लॅक ही जुनी प्रकाशनसंस्था ते काढायची. पुढे २००० साली ब्लूम्सबरीने ती संस्था विकत घेतली, तेव्हापासून ते ब्लूम्सबरीकडे आहे. अमेरिकेत याच जातीचं पुस्तक म्हणजे 'रायटर्स मार्केट'. त्याची पहिली आवृत्ती १९२१ ची आणि शंभरावी २०२१ ची. मधल्या काळात त्याला भावंडंही झाली. कवितेसाठी वेगळं, कथा-कादंबरीसाठी वेगळं, मुलांसाठी लिहिणाऱ्या-चित्रं काढणाऱ्यांसाठी वेगळं.

नावातला 'मार्केट' शब्द आपल्याला जरा खटकतो. साहित्य आणि बाजार एका वाक्यात आले की आपण नाक मुरडतो. पण इथे त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्या लेखनाला गिऱ्हाईक कुठे आहे. शेतकऱ्याला जसं कांदा लासलगावला न्यायचा की आणखी कुठे, हे माहीत असावं लागतं, तसंच. कांदा कसा पिकवायचा हा विषय वेगळा.

या पुस्तकात असतं काय? मुख्यतः नोंदी, शेकडो पानं भरून. मासिकं, वृत्तपत्रं, प्रकाशक, साहित्यिक एजंट, स्पर्धा. जोडीला थोडे लेख असतात : करार कसा वाचावा, संपादकाला पत्र कसं लिहावं, कर कसा भरावा. दरवर्षी नवी आवृत्ती काढावी लागते, कारण संपादक बदलतात, पत्ते बदलतात, मासिकं बंद पडतात. पाच वर्षं जुनी निर्देशिका म्हणजे जुनं रेल्वेचं वेळापत्रक. गाडीचं नाव बरोबर असेल, पण गाडी निघून गेलेली असेल.

याचा उपयोग झाल्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे जे. के. रोलिंग. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक लिहून झालं तेव्हा त्या एडिंबरात राहत होत्या. ओळखीपाळखी नाहीत, पैसे नाहीत. ग्रंथालयात बसून त्यांनी इयरबुकमधून एजंटांची नावं शोधली. पहिल्या एजंटाकडून हस्तलिखित परत आलं. दुसरे ख्रिस्तोफर लिटल, ते हो म्हणाले. त्यानंतरही बारा प्रकाशकांनी नकार दिला, आणि १९९७ साली पुस्तक आणलं ते ब्लूम्सबरीने. म्हणजे ज्या पुस्तकाने वाट दाखवली ते आणि ज्याची वाट सापडली ते, दोन्ही आज एकाच घरात आहेत! ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. मात्र 'बघा, शेवटी यश मिळतं' एवढ्यावर थांबू नका. नाव-पत्ता शोधायला त्या कुठे गेल्या, हे सांगा. गोष्टीतला आपल्या कामाचा भाग तो आहे.

नोंद वाचायला शिकूया

निर्देशिकेतली नोंद चार-सहा ओळींची असते, पण ती वाचणं हे एक कौशल्य आहे. बसचं वेळापत्रक किंवा औषधाच्या पाकिटावरचा मजकूर वाचायला आपण शिकवतो ना, तसंच. समजा, एका काल्पनिक बालमासिकाची नोंद अशी आहे :

'८ ते १२ वयोगटासाठी मासिक. कथा ६०० ते ९०० शब्द. बोधकथा नकोत. विज्ञान, प्रवास, प्राणी या विषयांवरील लेखांचे स्वागत. आधी पत्राने विचारावे. उत्तर आठ आठवड्यांत. स्वीकृतीनंतर मानधन. प्रथम प्रसिद्धीचा हक्क. लेखन पाठवण्यापूर्वी किमान दोन अंक वाचावेत.'

आता एकेक पाहू. शब्दमर्यादा ६०० ते ९०० म्हणजे १,५०० शब्दांची कथा कितीही चांगली असली तरी ती त्या पानात मावत नाही. मासिकाची पानं ठरलेली असतात. संपादकाने कथा नाकारली म्हणजे ती वाईट होती असं नाही, कधी कधी ती फक्त लांब असते. हे मुलांना कळलं तर नकार अर्ध्याने हलका होतो.

'बोधकथा नकोत' ही ओळ तर सोन्यासारखी. काय हवं यापेक्षा काय नको हे लिहिणारा संपादक लेखकाचे कितीतरी तास वाचवतो. आपल्याकडे मुलांच्या लेखनाची बहुतेक आवाहनं 'दर्जेदार साहित्य पाठवावे' एवढंच सांगतात. दर्जेदार नसलेलं साहित्य पाठवा असं कोण म्हणेल?

'आधी पत्राने विचारावे' याचा अर्थ संपूर्ण लेख न पाठवता आधी एका पानात विषय सांगायचा. इंग्रजी लेखनव्यवहारात हे पत्र ही एक स्वतंत्र कला मानली जाते. आपल्याकडे दहावीच्या पेपरात विनंतीपत्र आणि मागणीपत्र असतं. पुस्तकं मागवायची, रोपं मागवायची. त्याच जागी संपादकाला लिहायचं पत्र ठेवलं तर उपयोजित लेखन खरोखर उपयोजित होईल. शेवटी एक नमुना दिला आहे.

मानधनाच्या शब्दांकडे बारीक लक्ष द्यायला हवं. 'स्वीकृतीनंतर' आणि 'प्रसिद्धीनंतर' यांत वर्षभराचंही अंतर पडू शकतं. लेख स्वीकारला, पण छापला दिवाळीत, तर पैसे दिवाळीनंतर. अमेरिकी नोंदींमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. मागवलेला लेख शेवटी छापला नाही, तरी ठरलेल्या रकमेचा काही भाग लेखकाला देतात. लेखकाचा वेळ गेला, त्याची ही भरपाई. आपल्याकडे ही पद्धत यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

राहिला 'प्रथम प्रसिद्धीचा हक्क'. म्हणजे पहिल्यांदा छापण्याचा मान त्या मासिकाचा, नंतर लेखन पुन्हा लेखकाचं. तो पुढे ते संग्रहात घेऊ शकतो. याच्या उलट नोंदीत 'सर्व हक्क' असं असेल तर सावध व्हा. आणि एक अगदी आजची गोष्ट. संपादक 'अप्रकाशित' लेखन मागतात तेव्हा व्हॉट्सॲप गटांवर, फेसबुकवर फिरून आलेली कविता अनेकांना अप्रकाशित वाटत नाही. पाठवायची असेल तर आधी फिरवू नका.

पैसा कुठून कुठे वाहतो

अमेरिकी लेखक जेम्स डी. मॅकडॉनल्ड यांनी नवोदितांसाठी एक नियम सांगितला आहे, त्याचा आशय असा की पैसा नेहमी लेखकाच्या दिशेने वाहायला हवा. लेखकाकडून दुसऱ्याकडे वाहू लागला, की थांबून विचार करायचा. 'रायटर्स मार्केट'सारख्या पुस्तकांचं मोल इथेच कळतं. त्यांच्या नोंदींत लेखकाला काय मिळेल ते लिहिलेलं असतं. 

काव्यसंग्रहाचा हा प्रकार फक्त आपल्याकडचा आहे असं समजू नका. अमेरिकेत गेल्या शतकाच्या अखेरीस 'नॅशनल लायब्ररी ऑफ पोएट्री' असं भारदस्त नाव घेतलेली एक खासगी कंपनी हेच करायची. मोफत स्पर्धा, मग 'आपण उपांत्य फेरीत' असं पत्र, मग महागड्या संग्रहाची जाहिरात. काही खट्याळ लोकांनी मुद्दाम अर्थहीन, हास्यास्पद ओळी लिहून पाठवल्या. त्याही निवडल्या गेल्या! निवड खरी आहे की नाही हे ओळखण्याची याहून चांगली परीक्षा मला तरी सुचत नाही.

स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणं वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. पदरमोड करून काढलेली चांगली पुस्तकं मराठीत भरपूर आहेत. फरक इतकाच, की स्वखर्चाने काढतोय हे माहीत असताना काढावं. 'निवड' हा शब्द वापरून कुणी खर्च करवून घेऊ नये, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत.

आयएसबीएनबद्दलही बोलायला हवं, कारण त्याचा मोठा बाऊ केला जातो. हा तेरा आकडी क्रमांक म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, गाडीच्या नंबर प्लेटसारखा. नंबर प्लेट आहे म्हणून गाडी चांगली ठरत नाही. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून दिला जातो. त्यासाठी सरकारी शुल्क नाही आणि स्वतःचं पुस्तक काढणारा लेखकही अर्ज करू शकतो. त्यामुळे खर्चाच्या यादीत 'आयएसबीएन' म्हणून भलीमोठी रक्कम दिसली, तर ती कशाची हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मराठीत काय करायचं?

वाचनालयाच्या संदर्भ विभागात जाऊन हात घालावा आणि काढावी, अशी दरवर्षीची निर्देशिका मराठीत रुळलेली नाही. पण आपल्याकडे तिच्या जागी वापरता येईल अशी एक गोष्ट आहे : दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने ही प्रथा सुरू केली आणि आजही गावोगावची वाचनालयं ढिगाने दिवाळी अंक घेतात. प्रत्येक अंकात संपादकाचं नाव, पत्ता, ईमेल छापलेला असतो. कोण कथा छापतं, कोण विनोद छापतं, कोण नव्या नावांना जागा देतं, हे अनुक्रमणिकेवरून दहा मिनिटांत कळतं. दिवाळीनंतर हे अंक वाचनालयात पडून असतात, तेव्हा मुलांना घेऊन जा. एकेका गटाला पाच अंक द्या आणि प्रत्येक अंकाची नोंद तयार करायला सांगा. तीच तुमची निर्देशिका. जाताजाता : दिवाळी अंकाची जुळवाजुळव उन्हाळ्यानंतर लगेच सुरू होते. गणपतीत आठवण झाली तर बहुधा उशीर झालेला असतो.

वर्षभर निघणाऱ्या नियतकालिकांची यादीही करता येईल. मुलांसाठी बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. म्हणजे 'आधी अंक वाचा' ही अट पाळायला काहीच अडचण नाही. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचं 'छात्र प्रबोधन' कुमारवयीन मुलांसाठी आहे. 'साधना' साप्ताहिक दिवाळीत वेगळा बालकुमार अंक काढतं. आणि आपल्यासाठी, म्हणजे लिहिणाऱ्या शिक्षकांसाठी, जागा कमी नाहीत. पालकत्व आणि शिक्षणावर 'पालकनीती', विज्ञान आणि शिक्षणावर 'शैक्षणिक संदर्भ', राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं 'जीवन शिक्षण', राज्य मंडळाचं 'शिक्षण संक्रमण'. वर्गात केलेला एखादा प्रयोग तुमच्याकडे असतो आणि तो मुख्याध्यापकांच्या फाइलमध्ये अडकून पडतो. त्याला यातलं एखादं ठिकाण नक्की शोभेल. पहिलं पुस्तक काढू पाहणाऱ्यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चालू वर्षाची नियमावली जरूर पाहावी.

शाळेत एक जाड वही ठेवा. त्यात नियतकालिकाचं नाव, वयोगट, शब्दमर्यादा, काय छापतात, काय छापत नाहीत, मानधन, अंक कुठल्या महिन्याचा पाहिला आणि नोंद कोणी केली, असे रकाने पाडा. महिन्याचा रकाना गाळू नका. पुढच्या वर्षीच्या वर्गाने तीच वही तपासून दुरुस्त करायची. मूळ निर्देशिका तरी दुसरं काय करतात?

कायदा थोडक्यात

पालकांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. कविता कागदावर उतरली त्या क्षणी तिचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा होतो, मग लिहिणारी नऊ वर्षांची असली तरीही. नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो हक्क टिकतो. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. किती काळासाठी हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरली जातात, आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत. अठरा वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून मुलाची सही कुणी मागत असेल तर कागद आधी तुम्ही वाचा. शाळेच्या हस्तलिखितातून किंवा वार्षिक अंकातून कविता दुसरीकडे पाठवायची असेल, तर आपण शिक्षकांनीही मुलाला आणि घरच्यांना आधी विचारायला हवं. 'आपलीच मुलं आहेत' म्हणून आपण बऱ्याचदा हे विसरतो.

नकार आणि पत्र

मराठी लेखकांच्या आठवणींमध्ये 'साभार परत' हे दोन शब्द वारंवार भेटतात. 'सत्यकथे'च्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक कथेतल्या खाचाखोचांवर लेखकांशी तपशीलवार बोलत, पत्रं लिहीत. आज तेवढा वेळ फार थोड्या संपादकांकडे आहे. बऱ्याचदा उत्तरच येत नाही, म्हणून वहीत 'पाठवल्याची तारीख' लिहा. नोंदीत आठ आठवडे म्हटलं असेल तर दहाव्या आठवड्यात एक नम्र ओळ पाठवायला हरकत नाही. त्यानंतर ते लेखन दुसरीकडे पाठवायला मोकळं, असं कळवून टाका. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवून दोन्हीकडे छापून आली, तर दोन्ही दारं बंद होतात.

आता नमुना. सातवी-आठवीच्या मुलांना फळ्यावर लिहून देता येईल एवढाच ठेवला आहे :

'माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.
मी इयत्ता आठवीत शिकते. आपल्या मासिकाचे जून व जुलैचे अंक मी वाचले. जुलैच्या अंकातील विहिरींवरचा लेख मला आवडला. आमच्या गावात जुनी दगडी बारव आहे. ती कोणी स्वच्छ केली, तिच्यात आता पाणी किती असते, याची माहिती मी गावातील पाच आजी-आजोबांना विचारून लिहिली आहे. लेख ७०० शब्दांचा असून तो यापूर्वी कुठेही प्रसिद्ध झालेला नाही. आपली हरकत नसेल तर पाठवू का? माझ्या आईची या पत्राला संमती आहे व तिची सही खाली आहे.
आपली नम्र,'

यात मुलीने 'मला लहानपणापासून लेखनाची आवड आहे' असं कुठेच लिहिलेलं नाही, हे मुलांना शोधून काढायला सांगा. मग ते वाक्य का लागलं नाही, ते त्यांनाच विचारा. तास पुरणार नाही.